टॉरेंटची जोडणी अडते तेव्हा दोष नेमका कुठे, हे कसे शोधावे

बिटटॉरेंटवरचे, म्हणजे एकमेकांच्या संगणकांवरून फाइल घेण्याच्या पद्धतीतले, डाउनलोड अडकले की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज उघडतात आणि दिसेल तो आकडा बदलून पाहतात. जोडण्यांची कमाल मर्यादा ५०० वरून ५,००० केली जाते, कुठून तरी मिळालेली शंभर ट्रॅकरांची (फाइल कोणाकडे आहे ते सांगणाऱ्या सर्व्हरांची) यादी चिकटवली जाते, आणि तासाभराने डाउनलोड जिथल्या तिथेच असते. वर, मुळात कोणता आकडा काय होता हेही आठवत नाही. माझा अनुभव असा आहे की जोडणीचा दोष सॉफ्टवेअरच्या आत क्वचितच असतो. तो बहुधा त्या विशिष्ट टॉरेंटमध्ये (फाइलची ओळख देणाऱ्या व तिच्या डाउनलोडचा आधार असलेल्या नोंदीत), संगणकाच्या फायरवॉलमध्ये (जोडण्या अडवणाऱ्या वा सोडणाऱ्या पहारेकऱ्यात), राउटरमध्ये किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याच्या जाळ्यात असतो, आणि या चारांपैकी नेमका कुठे आहे हे ठरवायला अर्धा तास पुष्कळ झाला. पुढील विवेचन क्यूबिटटॉरेंट हे सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, कारण ते विनामूल्य व मुक्तस्रोत आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि ते विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. ट्रान्समिशन किंवा इतर सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना बटणांची नावे वेगळी दिसतील, तपासणीचा क्रम मात्र हाच राहील.

पत्ता आणि दार

ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली बिटटॉरेंट प्रथम उपलब्ध करून दिले. त्याची मूळ कल्पना अशी की फाइल एकाच सर्व्हरवरून न येता, तिचे तुकडे ज्यांच्याकडे आहेत अशा अनेक संगणकांकडून थोडी थोडी येते. यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली म्हणजे, फाइल कोणाकोणाकडे आहे त्यांचे पत्ते कळले पाहिजेत. हे काम ट्रॅकर नावाचा सर्व्हर करतो, किंवा ट्रॅकरशिवाय चालणारी डीएचटी ही परस्परांना विचारत जाणारी व्यवस्था करते. दुसरी म्हणजे, पत्ता कळल्यावर दोन संगणकांची प्रत्यक्ष गाठ पडली पाहिजे, आणि त्यासाठी दोघांपैकी निदान एकाचे दार बाहेरून येणाऱ्यासाठी उघडे असले पाहिजे. हे दार म्हणजे पोर्ट.

ज्याचे दार बंद आहे तोही स्वतः बाहेर पडून उघड्या दाराच्या पीअरकडे, म्हणजे तीच फाइल देणाऱ्या-घेणाऱ्या दुसऱ्या संगणकाकडे, जाऊ शकतो, म्हणूनच पोर्ट बंद असूनही पुष्कळांचे डाउनलोड बऱ्यापैकी चालते आणि दोष लक्षातच येत नाही. परंतु दोन्हीकडची दारे बंद असतील तर दोघांनाही एकमेकांचे पत्ते ठाऊक असून भेट होत नाही. हजारो सीडर (पूर्ण फाइल जवळ असलेले पीअर) असलेल्या टॉरेंटला याने काही बिघडत नाही. दोन-तीनच सीडर असलेल्या जुन्या, दुर्मिळ फाइलचे मात्र सगळे याच एका गोष्टीवर अवलंबून असते.

आधी टॉरेंट तपासावे

अडलेले टॉरेंट तात्पुरते बाजूला ठेवावे आणि निर्विवाद चांगले असे एखादे टॉरेंट चालवून पाहावे. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या अधिकृत संकेतस्थळावर इन्स्टॉलेशनच्या लहान प्रतिमेचे टॉरेंट मिळते. ती एक जीबीहून लहान असते आणि तिचे सीडर जगभर असतात. उबुंटूचेही चालेल, पण ती फाइल सहा जीबीच्या आसपास असल्याने मोबाइल डेटावर ही चाचणी महागात पडते. हे डाउनलोड दोन-तीन मिनिटांत वेग घेऊ लागले, तर तुमचा संगणक, राउटर आणि इंटरनेट यांत मोठा दोष नाही, एवढे निश्चित होते.

मग मूळ टॉरेंटकडे वळून ‘सीड्स’ आणि ‘अव्हेलेबिलिटी’ हे दोन रकाने पाहावेत. ‘सीड्स’मध्ये दोन आकडे असतात: बाहेरचा आकडा सध्या तुमच्याशी जोडलेले सीडर दाखवतो आणि कंसातला आकडा एकूण किती असल्याचे समजते ते सांगतो. ‘० (०)’ असेल तर पूर्ण फाइल असलेला कोणीही हजर नाही. ‘० (१४)’ असेल तर सीडर आहेत, तुम्हीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आहात. या दोन स्थिती बाहेरून सारख्याच दिसतात आणि त्यांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, म्हणून हा रकाना वाचण्याची सवय लावून घेणे फार उपयोगाचे आहे. ‘अव्हेलेबिलिटी’चा आकडा ०.८७ असा एकाहून कमी असेल, तर तुम्ही ज्यांच्याशी जोडलेले आहात त्या सर्वांकडचे तुकडे एकत्र केले तरी फाइल पूर्ण होत नाही. डाउनलोड ८७ टक्क्यांवर थांबेल आणि पूर्ण फाइल असलेला कोणी येईपर्यंत कोणतीही सेटिंग ते पुढे नेणार नाही.

मॅग्नेट लिंक (टॉरेंट फाइलऐवजी वापरायचा, फाइलची ओळख सांगणारा दुवा) टाकल्यावर ‘डाउनलोडिंग मेटाडेटा’ या अवस्थेतच सगळे थांबले असेल तर त्याचा अर्थ असा की अद्याप एकही उपयोगी पीअर सापडलेला नाही, कारण फाइलींची नावे आणि आकार हीसुद्धा माहिती मॅग्नेट लिंकमध्ये नसते. ती पीअरकडूनच यावी लागते. शक्य असेल तेथे मूळ टॉरेंट फाइल उतरवून घ्यावी, म्हणजे हा टप्पा टळतो. इंटरनेट अर्काइव्हवरील जुनी मराठी पुस्तके उतरवणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. तेथील टॉरेंटमध्ये खुद्द अर्काइव्हचे सर्व्हरही स्रोत म्हणून जोडलेले असतात, त्यामुळे एकही सीडर नसताना डाउनलोड होऊ शकते. ते सर्व्हर दिसतात की नाही हे ‘एचटीटीपी सोर्सेस’ या टॅबमध्ये पाहावे.

खालच्या पट्टीवरील दोन खुणा

खिडकीच्या अगदी तळाशी असलेल्या पट्टीकडे फारसे कोणी पाहत नाही, पण निम्मे निदान तिथेच होते. तेथील जोडणीचे चिन्ह हिरवे असेल तर बाहेरचे पीअर तुमच्यापर्यंत पोहोचत आहेत. पिवळे किंवा नारिंगी असेल तर तुम्ही बाहेर जाऊ शकता पण आत कोणी येत नाही. आणि लाल असेल तर जोडणीच नाही. मात्र सॉफ्टवेअर नुकतेच सुरू केले असेल किंवा एकही टॉरेंट चालू नसेल तर पिवळ्या रंगावरून लगेच निष्कर्ष काढू नये. डेबियनचे टॉरेंट चालू ठेवून दहा मिनिटे थांबावे.

त्याच्या शेजारी डीएचटीच्या नोड्सची, म्हणजे त्या व्यवस्थेतील संगणकांची, संख्या असते. ती शेकड्यांत असणे ठीक समजावे. ती शून्यावरच अडली असेल आणि सेटिंगमध्ये डीएचटी सुरू असेल, तर तुमच्या जाळ्यातून यूडीपी प्रकारचे (पोच न मागता पाठवले जाणारे) संदेश बाहेर जात नाहीत किंवा त्यांची उत्तरे परत येत नाहीत, असा स्पष्ट संशय घ्यावा. महाविद्यालयाच्या वसतिगृहात किंवा कार्यालयात ही स्थिती अनेकदा मुद्दाम केलेली असते. तिथे वाट शोधत बसण्यापेक्षा जाळे सांभाळणाऱ्याला विचारावे, किंवा ते काम घरी करावे.

लाल चिन्हाचे एक कारण वारंवार आढळते. पूर्वी कधी व्हीपीएन (सगळी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) वापरताना सॉफ्टवेअर त्याच्याशी बांधून ठेवलेले असते, पुढे व्हीपीएन काढून टाकले जाते, आणि बांधणी तशीच राहते. ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’ उघडून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ विभागात ‘नेटवर्क इंटरफेस’समोर नसलेल्या जोडणीचे नाव दिसले तर ते बदलून ‘एनी इंटरफेस’ निवडावे आणि सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करावे. हे साधे कारण सापडेपर्यंत मी एकदा अख्खा रविवार राउटरशी झटापट करण्यात घालवला आहे.

संगणकाचा फायरवॉल

विंडोजमध्ये सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडताना परवानगी विचारणारी खिडकी येते आणि घाईत ती ‘कॅन्सल’ केली जाते. ती नोंद पुढे कायम राहते. विंडोज डिफेंडर फायरवॉलमध्ये परवानगी दिलेल्या प्रोग्रॅमांची यादी उघडून क्यूबिटटॉरेंटसमोर खूण आहे का ते पाहावे. येथे ‘प्रायव्हेट’ आणि ‘पब्लिक’ असे दोन रकाने असतात, आणि घोटाळा त्यांच्यातच होतो: परवानगी ‘प्रायव्हेट’साठी दिलेली असते, पण नवा राउटर बसवल्यावर विंडोज त्या वायफायला नवीन जाळे समजून ‘पब्लिक’ ठरवते. घरचे वायफाय ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदवणे हा योग्य उपाय. सगळीकडे सरसकट परवानगी देणे हा आळशी उपाय. संगणकावर वेगळे अँटिव्हायरस असेल तर त्याचा स्वतःचा फायरवॉल असू शकतो, तोही तपासावा. चाचणीपुरता फायरवॉल दोन मिनिटे बंद करून चिन्हाचा रंग बदलतो का हे पाहायला हरकत नाही, परंतु लगेच पुन्हा सुरू करावा.

राउटर आणि पोर्ट

‘ऑप्शन्स’मधील ‘कनेक्शन’ विभागात आत येणाऱ्या जोडण्यांसाठीचा पोर्ट क्रमांक दिलेला असतो. बिटटॉरेंटचे ६८८१ ते ६८८९ हे परंपरागत पोर्ट टाळावेत, कारण काही ठिकाणी नेमके तेच अडवले जातात. ४९१५२ ते ६५५३५ या टप्प्यातील एखादा क्रमांक निवडून कायम ठेवावा. दर वेळी नवा पोर्ट घेण्याची सोय चालू असेल तर ती बंद करावी, नाहीतर राउटरमध्ये केलेली सोय दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरते.

त्याच ठिकाणी यूपीएनपी व नॅट-पीएमपी वापरण्याची खूण असते. ती केली आणि राउटरनेही मान्यता दिली, तर पोर्ट आपोआप उघडतो आणि बहुतेकांचे काम इथेच संपते. मान्यता मिळाली की नाही हे ‘व्ह्यू’ मेनूमधून लॉग उघडून वाचावे. पोर्टची जुळणी झाल्याची किंवा फसल्याची ओळ त्यात स्पष्ट येते. फसल्यास राउटरच्या, ब्राउझरमधून उघडणाऱ्या सेटिंग्जच्या पानावर जाऊन यूपीएनपी सुरू करावे. तेही नको असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे त्या पोर्टवर आलेले कोणत्या संगणकाकडे द्यायचे हे सांगणारा, नियम हाताने लिहावा: निवडलेला पोर्ट, टीसीपी आणि यूडीपी या संदेशांच्या दोन्ही पद्धती, आणि संगणकाचा घरातील पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०.

आता हा घरातील पत्ता कायम राहील याची तजवीज करावी लागते. आपल्याकडे वीज गेली की राउटर बंद पडतो, आल्यावर घरातील फोन, टीव्ही आणि संगणक ज्या क्रमाने जोडले जातात त्या क्रमाने पत्ते वाटले जाऊ शकतात, आणि काल संगणकाकडे असलेला १९२.१६८.१.२० आज टीव्हीकडे गेलेला असतो. नियम बिचारा तसाच असतो. फक्त दार टीव्हीकडे उघडत असते. राउटरमध्ये ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ या नावाची सोय असते, तीत संगणकाचा पत्ता राखून ठेवावा.

पोर्ट उघडा आहे का हे तपासणारी अनेक पाने इंटरनेटवर आहेत, आणि ट्रान्समिशनमध्ये तर ही तपासणी सॉफ्टवेअरमध्येच असते. तपासताना टॉरेंट सॉफ्टवेअर चालू असले पाहिजे. ते बंद असेल तर दाराशी उत्तर देणारे कोणी नसते आणि पोर्ट बंदच दिसतो. याहून पक्का पुरावा ‘पीअर्स’ टॅबमधील ‘फ्लॅग्ज’ या रकान्यात मिळतो. एखाद्या पीअरसमोर इंग्रजी मोठा ‘आय’ दिसला तर तो पीअर स्वतःहून आत आला आहे, म्हणजे दार उघडे आहे.

हे सगळे करूनही दार उघडत नसेल तर

राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ म्हणून जो (राउटरचा बाहेरच्या बाजूचा) पत्ता दिसतो तो कागदावर लिहून घ्यावा, आणि मग ‘माझा आयपी पत्ता काय’ असे ब्राउझरमध्ये शोधून जो आयपीव्ही४ (चार आकड्यांचा) पत्ता येतो त्याच्याशी तो ताडून पाहावा. दोन्ही एकच असतील तर दोष राउटरमध्ये किंवा संगणकात आहे. मागील पायऱ्या पुन्हा तपासाव्यात. वेगळे असतील तर तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर आहे.

‘वॅन आयपी’ १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा तो दुसरा राउटर तुमच्याच घरात आहे: केबलवाल्याने भिंतीवर बसवलेली फायबरची पेटी आणि तिला जोडलेला तुमचा स्वतःचा राउटर, दोघेही पत्तेवाटपाचे काम करत असतात. फायबरची पेटी ‘ब्रिज’ पद्धतीवर, म्हणजे ती पत्तेवाटप करणार नाही अशी, टाकून घ्यावी, किंवा तुमचा राउटर केवळ ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून चालवावा.

पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, किंवा १० ने, तर तो दुसरा राउटर इंटरनेट पुरवणाऱ्याकडे आहे. यालाच सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४ पत्ते जगभर अपुरे पडू लागल्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो, आणि त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली खास राखून ठेवण्यात आला. या व्यवस्थेत तुमच्या राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंगला काहीही अर्थ उरत नाही, कारण सोसायटीचे फाटकच बंद असताना तुम्ही घराचे दार उघडत असता. मोबाइल हॉटस्पॉटवर बहुतेक वेळा हीच स्थिती असते.

कोल्हापूरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने काकांच्या कीर्तनांच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. सगळे मिळून ३८ जीबी झाले, आणि ते न्यू जर्सीतील बहिणीला पाठवण्यासाठी त्याने टॉरेंट तयार केले. तीन दिवस तिच्या पडद्यावर ‘० (१)’ एवढेच दिसत राहिले. त्याच्या राउटरचा पत्ता १००.७२ ने सुरू होणारा निघाला, म्हणजे त्याचे दार उघडणे त्याच्या हातात नव्हते. तिच्या राउटरमध्ये यूपीएनपी बंद होते, म्हणजे तिचेही दार बंद. अशा वेळी सॉफ्टवेअर कधी कधी दोघांशीही जोडलेल्या तिसऱ्या पीअरच्या मध्यस्थीने वाट पाडू शकते, पण या टॉरेंटला तिसरा कोणी नव्हताच. व्हिडिओ कॉलवर तिला राउटरचे पान उघडायला लावले, यूपीएनपी सुरू केले, आणि पाच मिनिटांत ‘१ (१)’ झाले. जोडणी कोल्हापूरकडून सुरू झाली आणि फाइल त्याच वाटेने गेली. पाठवणाऱ्याकडे उपाय नसला तरी घेणाऱ्याचे दार उघडले की पुरते, हे त्या दोघांना शेवटपर्यंत थोडे उलटेच वाटत राहिले.

दुसऱ्या टोकाला कोणी ओळखीचे नसेल, तर सीजीनॅटवर दोन मार्ग राहतात. पहिला म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्याकडे सार्वजनिक किंवा स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मागणे. पुष्कळदा तो जादा शुल्क घेऊन मिळतो. दुसरा म्हणजे आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत. भारतात त्याचा प्रसार चांगला झाला आहे, त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि सीजीनॅटचा प्रश्न येत नाही. मात्र राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल बाहेरून येणाऱ्यांना मुळात अडवतो, त्यामुळे तिथेही आपल्या पोर्टपुरती परवानगी द्यावी लागते, आणि समोरच्या पीअरकडेही आयपीव्ही६ असावे लागते.

ट्रॅकरचे संदेश

‘ट्रॅकर्स’ टॅबमध्ये लाल अक्षरे दिसली की घाबरून जाण्याचे कारण नाही; दहापैकी दोन ट्रॅकर चालू असले तरी पत्ते मिळतात. सगळेच बंद दिसत असतील तर संदेश वाचावा. नाव सापडत नसल्याचा संदेश असेल तर एकतर तो ट्रॅकर कायमचा बंद झाला आहे किंवा तुमच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेत) गडबड आहे. वेळ संपल्याचा संदेश फक्त यूडीपी ट्रॅकरांवर येत असेल आणि डीएचटीही शून्यावर असेल तर दोन्हींचे कारण एकच आहे. सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार असेल तर संगणकाचे घड्याळ पाहावे: जुन्या संगणकातील मदरबोर्डची बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग सुरक्षित ट्रॅकरांशी बोलणेच होत नाही.

जोडणी आहे पण वेग नाही

अनेकदा वेग ठीक असतो, हिशेब चुकतो. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि सॉफ्टवेअर मेगाबाइटमध्ये दाखवते, म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर साडेबाराच्या पुढे आकडा जाणार नाही. खरोखरच वेग कमी असेल तर अपलोडवर मर्यादा घालावी. अपलोडची वाट पूर्ण भरली की डाउनलोड झालेल्या तुकड्यांची पोचसुद्धा वेळेवर परत जात नाही आणि डाउनलोडच मंदावते. अपलोड क्षमतेच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर मर्यादा ठेवल्यास हा त्रास थांबतो. टॉरेंट सुरू करताच घरातल्या सगळ्यांचे इंटरनेट बंद पडत असेल, तर राउटर एवढ्या जोडण्यांच्या नोंदी ठेवू शकत नाही असे समजावे आणि एकूण जोडण्यांची मर्यादा ५०० वरून २०० वर आणावी. येथे आकडा कमी केल्याने वेग वाढतो. ‘एन्क्रिप्शन’ची सेटिंग ‘अलाऊ’वर ठेवावी, ‘रिक्वायर’ केल्यास जोडता येणारे पीअर कमी होतात.

दार उघडताना पाळायच्या गोष्टी

राउटरच्या ‘डीएमझेड’ या सोयीत संपूर्ण संगणक टाकण्याचा सल्ला काही जण देतात, तो घेऊ नये, कारण एका पोर्टसाठी सगळे पोर्ट बाहेर उघडे पडतात. क्यूबिटटॉरेंटची ब्राउझरमधून चालणारी ‘वेब यूआय’ ही सोय वापरत नसाल तर बंद ठेवावी, आणि वापरत असाल तर तिचा पोर्ट यूपीएनपीने बाहेर उघडू देऊ नये. जुन्या आवृत्त्यांत तिचा मूळ पासवर्ड सर्वांना ठाऊक असलेला होता. बिटटॉरेंटमध्ये डाउनलोड करताना तुम्ही त्याच वेळी इतरांना वाटपही करत असता, त्यामुळे प्रताधिकाराखालील साहित्य परवानगीविना घेणे हे वाटणेही ठरते, आणि भारतात १९५७ चा प्रताधिकार कायदा त्याला लागू होतो. टॉरेंटचा वापर थांबवला की राउटरमधील पोर्टचा नियमही आठवणीने काढून टाकावा.